तेराशे सालचा कागद

आमच्या मोहल्ल्यात कुणाचं कुणाशी बिनसलंय हे सगळ्यात आधी मला कळायचं, कारण दोन्हीकडचे अर्ज मीच टाइप करायचो. गुलमंडीपासून चालत दहा मिनिटांवर, एका जिन्याखालच्या खोलीत माझा टायपिंगचा क्लास होता. सकाळी परीक्षेला बसणाऱ्या पोरींची खडखड, दुपारनंतर अर्जदार. कुणाचा नळ कोरडा, कुणाच्या शेजाऱ्यानं गॅलरी चार बोटं पुढं काढलेली, कुणाला रेशनकार्डावर सून चढवायची. मी टाइप करायचो आणि प्रत्येक अर्जाची कार्बन कॉपी स्वतःकडं ठेवून घ्यायचो. उद्या हाच माणूस 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणाला तर? बायको म्हणायची, "लग्नात मंगलाष्टकांची पण कॉपी काढून ठेवली असेल तुम्ही." काढली नव्हती. पण हे तिला कुणी सुचवलं असेल, यावर मी दोन दिवस विचार केला.

स्वभावच तसा. कुणी हसून नमस्कार केला की माझ्या मनात पाल चुकचुकायची. आणि खरं सांगतो, लोक ज्याला खोड म्हणत होते त्याच खोडीनं मला मोठं केलं. शाळेजवळ दारूचं दुकान निघणार, ही कुणकुण मला दुकानाच्या नुसत्या रंगरंगोटीवरून लागली होती. पंचवीस सह्या गोळा केल्या, अर्ज दिले, कचेरीत जाऊन बसलो, दुकान हटवलं. मग नाक्यावरचं सिनेमाचं एक उघडंवाघडं पोस्टर काढायला लावलं. मग देवळाची समिती माझ्याकडं आली. आपला धर्म, आपल्या रीती, आपली वस्ती यांच्यावर कुणीतरी डोळा ठेवून आहे आणि त्या डोळ्यावर आपण डोळा ठेवला पाहिजे, असं मी मनापासून मानत होतो. तेव्हा सरकारी पाट्यांवर औरंगाबाद होतं आणि आमच्या भाषणांत संभाजीनगर. महापालिका नवी होती, निवडणुकीच्या गप्पा सुरू झाल्या होत्या, आणि माझ्याकडं पाहून लोक 'उभे राहा, उभे राहा' म्हणायला लागले होते. म्हणणाऱ्यांची नावं मी लिहून ठेवली होती.

देऊळ मारुतीचं. लहानसं, शेंदरी, पुढं मोकळं मैदान, आणि मैदानाच्या कडेला देवळाच्या भिंतीला लागूनच चाचीची भट्टी. चाची म्हणजे आमच्या गल्लीतली भडभुंजी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. वाळूत हरभरे, मुरमुरे, ज्वारीच्या लाह्या भाजायची. शाळेतनं येताना मी स्वतः तिच्याकडचे गरम फुटाणे खाल्लेले आहेत, नाही कसं म्हणू? पण समितीत आल्यावर मला ती भट्टी वेगळी दिसायला लागली. देवळाच्या भिंतीला लागून? का बरं? त्यात तिनं वर नवे पत्रे घातले. आज पत्रे, उद्या विटा, परवा दुमजली इमारत आणि खाली दुकानं! हिच्या मागं कुणीतरी बिल्डर असणार. आणि दर शनिवारी भट्टीची पहिली ओंजळ ती मारुतीला पाठवायची. पुजारी ती देवापुढं ठेवायचा. बाकीच्यांना त्यात भक्तिभाव दिसायचा, मला डाव दिसायचा. एका मुसलमान बाईला मारुतीशी काय करायचंय? पुजाऱ्याला गोड बोलून ताब्यात ठेवायचं, दुसरं काय!

घरात यावर एकच माणूस माझ्याशी वाद घालायचा, माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मोहल्ला त्यांना मुन्शीजी म्हणायचा. निजामाच्या काळात महसुलाच्या कचेरीत ते कारकून होते. पोरवयात लागले ते उर्दूच्या जोरावर, अक्षर मोत्यासारखं म्हणून. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, कचेरीची भाषा बदलली, आणि ऐन पस्तिशीत अण्णांना मराठी टिपणं लिहायला नव्यानं शिकावं लागलं. ते शिकले, रिटायर झाले, पण पेपर मात्र शेवटपर्यंत उर्दू वाचत राहिले. मी पुढचा, मराठी शाळेतला. मला त्या लिपीतलं एक अक्षर येत नव्हतं. बाप रोज सकाळी आपल्याला न कळणारं काहीतरी वाचतो आणि मधेच हसतो, हे मला कधी आवडलं नाही. त्यातून संध्याकाळी चाचीच्या भट्टीपाशी बसून उर्दूत गप्पा. एकदा मी विचारलंच, "एवढं काय बोलता तिच्याशी?"

"हरभऱ्याचे भाव," अण्णा म्हणाले, "आणि तुझी काळजी."

एक दिवस पुजारी धावत क्लासवर आला. देवाची वस्त्रं ठेवायच्या पत्र्याच्या पेटीत तळाला त्याला एक कागद सापडला होता. चार घड्या, पिवळा, वर छापील मथळा, हातानं लिहिलेला उर्दू मजकूर, खाली गोल शिक्का. देवळाचाच कागद! आता हा वाचायचा कुणाकडून? अण्णांकडून? छे. सकाळी अण्णा वाचणार आणि संध्याकाळी भट्टीवर खबर जाणार. कोर्टाबाहेर अर्जनवीस बसतात, त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला उर्दू येत होतं. पण तो तरी कशावरून आपला? म्हणून मी एक शक्कल काढली. वरच्या दोन ओळी तेवढ्या उघड्या ठेवल्या आणि खालच्या सगळ्या मजकुरावर काळा कार्बन पेपर दाबून धरला.

"पूरा तो देखने दो," तो म्हणाला.

"एवढंच वाचा."

त्यानं माझ्याकडं एकदा विचित्र नजरेनं पाहिलं आणि वाचलं. मारुती मंदिराची आणि त्यापुढच्या मैदानाची जागा. दस्त लिहिल्याचं सन तेराशे आणि वर काहीतरी. बस्स! मी कागद उचलला आणि निघालो. तो मागून "अरे साहब, आगे का" असं काहीतरी म्हणत होता. मला त्याच्या उत्सुकतेचाच संशय आला.

रस्त्यानं चालता चालता मी हिशोब केला. तेराशे! म्हणजे तुघलकानं दिल्ली उठवून दौलताबादेत आणली त्याच्या आगंमागं! साडेसहाशे वर्षांचं देऊळ! साडेसहाशे वर्षांपूर्वी शिक्क्याचा छापील कागद कुठला, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी त्या शिक्क्याला राजमुद्रा म्हणालो. चारचौघांत म्हणालो, माईकवर म्हणालो, आणि टाळ्या पडल्या.

त्यानंतर गाडी अशी सुटली की विचारू नका. देवळावर मोठा कापडी फलक लागला, 'साडेसहाशे वर्षांचे मंदिर, साडेसहाशे वर्षांची जागा', आणि खाली तेराशेचं ते साल ठळक लाल आकड्यांत. दर शनिवारी मैदानात महाआरती. आरतीला आधी चाळीस माणसं, मग दोनशे, मग रस्ता बंद. कागद कुठंय म्हणून कुणी विचारलं की मी खिशावर हात ठेवायचो आणि म्हणायचो, योग्य वेळी काढू. कागद खिशात कधीच नसायचा, क्लासच्या लोखंडी कपाटात असायचा, आणि किल्ली जानव्याला. मीच अर्ज टाइप केला, महापालिकेला दिला: देवळाच्या पुरातन जागेवरचं भट्टीचं अतिक्रमण हटवावं. चाचीला नोटीस निघाली. आणि त्याच आठवड्यात पक्षाचे शहरातले पुढारी स्वतः माझ्या क्लासवर आले, विद्यार्थिनींच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "तिकीट तुमचंच. फक्त मैदान तापतं ठेवा." मी व्हय म्हणालो. ते गेल्यावर मला वाटलं, एवढ्या सहज कसं देतात? आणखी किती जणांना असंच सांगितलं असेल?

या सगळ्यात एक गोष्ट मला खात होती. चाची घाबरली नव्हती. नोटीस हातात पडलेली, दर शनिवारी तिच्या भट्टीपासून दहा पावलांवर दोनशे माणसं घोषणा देणारी, आणि ही बाई शांतपणे वाळू ढवळतेय. तिचं सगळं आयुष्य त्या भट्टीवर. ती गेली तर तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि वयही राहिलं नव्हतं. मग हिला एवढा भरवसा कुणाचा? मी माणसं लावून पाहिली. कुणी वकील येत नव्हता, कुणी पुढारी येत नव्हता. येत होते ते फक्त माझे वडील.

एकदा मी मुद्दाम तिच्यासमोरनं गेलो. तीच म्हणाली, "हौ बेटा, चुनाव में खडे हो रहे बोल्के सुनी मैं. अल्ला कामयाब करे." आणि कागदाच्या पुडीत फुटाणे दिले. मी ते खाल्ले नाहीत. गल्ली ओलांडून एका गाईपुढं टाकले.

मतदानाला आठ दिवस उरले होते. रागानं इतके दिवस त्या फलकाकडं न बघणाऱ्या अण्णांनी त्या सकाळी तो पहिल्यांदा नीट वाचला; भाजीची पिशवी घेऊन आले, ती तशीच दारात ठेवली आणि हसायलाच लागले. डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसले. "अरे गाढवा," म्हणाले, "ते फलकावरचं साल कागदावरचं आहे ना? तो कागद उर्दू आहे ना? मग ते साल फसली असणार! फसली! त्यात पाचशे नव्वद मिळवायचे, मग तुझं इंग्रजी साल येतं. साडेसहाशे वर्षं कसली, जेमतेम साठ होतील!"

फसली हा शब्द मी पाळण्यापासून ऐकत आलोय. निजामाच्या कचेरीचं साल ते. आजीचं लग्न, आजोबांचं मरण, सगळं आमच्या घरात फसलीतच मोजलेलं. आणि तरी मला तो सुचला नाही. कारण अर्जनवीसासमोर फसली हा शब्द तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी होता, आणि तिसरी ओळ मी कार्बननं झाकून धरली होती.

"दाखव तो कागद," अण्णा म्हणाले. मी दाखवला, पण हातातनं सोडला नाही. अण्णांनी चष्मा पुसला, वाकले, आणि त्यांचं हसू तिथंच थांबलं.

"हे माझं अक्षर आहे," ते म्हणाले.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी लिहिलेला दस्त, पुढच्या हजारो कागदांत ते विसरून गेलेला. अठरा-एकोणीस वर्षांचे होते ते तेव्हा. बापाचं अक्षर मोत्यासारखं आहे हे मी जन्मभर ऐकलं होतं, पण ते मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. अण्णांनी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून मला मराठीत सांगितला. मैदानाची जागा देवळाला फुकट दिली होती ती चाचीच्या सासऱ्यानं. लोकांना उत्सवाला जागा पुरत नाही म्हणून. अट एकच: देवळाच्या भिंतीला लागून असलेली भट्टी त्याच्या घरच्यांकडं पिढ्यान्‌पिढ्या राहील, ती कुणी हटवू नये. आणि त्याबदल्यात दर शनिवारी भट्टीची पहिली ओंजळ मारुतीला जाईल.

मी कागदाच्या घड्या घालायला लागलो.

"उद्याच्या सभेत सांगून टाक," अण्णा म्हणाले. "चूक झाली म्हण. लोक हसतील दोन दिवस. म्हातारीची भट्टी वाचेल."

आठ दिवसांवर मतदान! सभेत सांगू? सहाशे वर्षं कमी करू? ज्या बाईची भट्टी उठवायला गल्ली पेटवली तिच्याच सासऱ्यानं जागा दिली, हे माईकवर सांगू? आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते निघालं. मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला कुणी पाठवलं?"

अण्णांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग भाजीची पिशवी उचलून आत गेले. त्या दिवसानंतर अण्णा माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. मला वाईट वाटलं, लई वाईट वाटलं. पण कागद मी परत कपाटात टाकला आणि किल्ली फिरवली.

मी निवडून आलो. मार्जिन फार मोठं नव्हतं, पण गुलाल तेवढाच उडतो. हार इतके पडले की मान अवघडली. मिरवणुकीतसुद्धा मी चेहरे मोजत होतो, कोण मनापासून नाचतोय आणि कोण उगीच. अण्णा गॅलरीत आले नाहीत. चाची भट्टीपाशी उभी राहून बघत होती, आणि तिनं दोन्ही हात उचलून मला दुवा दिली. तिच्या मनात काय चाललंय ते मला काही केल्या कळेना.

ते कळलं पंधरा दिवसांनी. नोटिशीची सुनावणी लागली होती आणि चाचीला लेखी उत्तर द्यायचं होतं. ती कुणाकडं येणार? माझ्याचकडं आली. नगरसेवक झालो तरी क्लास चालू होता, आणि मोहल्ल्यातले अर्ज मीच टाइप करत होतो. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "जवाब लिख दे बेटा. लिख दे के मुन्शीजी के हाथ का कागज है, और साथ में जोडेला है. कागज तो तेरे पास है ना?"

मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कौन बोलेगा? मेरे मियाँ बोलते थे. देवल की पेटी में कागज है, मुन्शीजी ने लिखा है, क्या बी हुआ तो वो निकलेगा. तू बोला कागज मिला, तब से मैं बेफिकर हूँ, मुन्शीजी कू बी कुछ नै पूछी. मुन्शीजी का कागज, मुन्शीजी का बेटा. मैं तो चुनाव में मोहर बी तेरे कू ही मारी."

एवढाच तो भरवसा. मी वकील शोधत होतो, बिल्डर शोधत होतो, आणि तिचा माणूस मी होतो. माझी मान वर होईना.

मी मशीनवर कागद चढवला. टाइप करायला लागलो. भट्टी अनेक वर्षांची आहे, मी निराधार आहे, उदरनिर्वाहाचं दुसरं साधन नाही, दया करावी. आणि मग त्या ओळीवर आलो. बोटं थांबली. ही ओळ टाइप केली की फलक गेला, राजमुद्रा गेली, साडेसहाशे वर्षं गेली, आणि पेपरात उद्या माझं हसं. पक्षाचे पुढारी काय म्हणतील? विरोधक तर टपलेलेच. मी ती ओळ सोडली आणि खाली 'आपली नम्र' टाइप केलं.

चाचीला मराठी वाचता येत नव्हतं. "पढ के सुना," ती म्हणाली. मी तो कागद हातात धरून तिला सगळा वाचून दाखवला. आणि दयेच्या वाक्यानंतर, न लिहिलेली ती ओळसुद्धा वाचली. मुन्शीजींनी लिहिलेला दस्त सोबत जोडला आहे. तसंच मोठ्यानं, स्पष्ट वाचलं. ती समाधानानं मान हलवत होती. मग तिनं अंगठा उठवला.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. त्या अर्जाची कार्बन कॉपी तेवढी मी काढली नाही.

सुनावणी महापालिकेच्या कार्यालयात, सकाळी अकराला. लांब टेबल, वर पंखा, एका बाजूला अधिकारी, शेजारी त्या भागाचा नगरसेवक म्हणून मी. समोर बाकावर चाची, धुतलेली पांढरी ओढणी घेऊन. आणि तिच्या शेजारी अण्णा. आपण जाणार आहोत हे त्यांनी मला घरी सांगितलं नव्हतं.

अधिकाऱ्यानं उत्तर वाचलं. "बाई, जागेबद्दल काही पुरावा?"

"उसमें जोडेला है साहब," चाची म्हणाली.

अधिकाऱ्यानं पान उलटलं. मागं कोरं. "यात काही जोडलेलं नाही. तसं लिहिलेलंही नाही." मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. "नगरसेवक साहेब, देवळाचा एक जुना कागद तुम्हीच सभेत सांगत होता ना? त्यात या भट्टीचा काही उल्लेख?"

"भट्टीबद्दलचा कागद माझ्याकडं नाही," मी म्हणालो.

अण्णा उठले. टेबलाला धरून उभे राहिले. "साहेब, दस्त मी लिहिलाय. माझ्या हातचा आहे. त्यात भट्टीची अट आहे. मी पाहिलाय, याच महिन्या-दोन महिन्यांत पाहिलाय."

"कुठं पाहिला, आजोबा?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. अधिकारीही थांबला होता, पेन हातात धरून. आता माझं नाव घेणार, मला वाटलं, आणि त्या क्षणालाही मी काय उत्तर द्यायचं तेच जुळवत होतो, वय झालंय, विसरतात, असं काहीतरी. पोटच्या पोराला भर कचेरीत चोर कसं म्हणायचं, हे अण्णांना जमेना.

चाचीनं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिला सगळं कळल्याचं मला दिसलं. तिनं हात वर करून अण्णांच्या कोटाची बाही धरली आणि हळूच खाली ओढली.

"बैठ जाओ, मुन्शीजी," ती म्हणाली. "नक्को बोलो. लडका नया नया नगरसेवक हुआ है."

अण्णा बसले. अधिकाऱ्यानं पुरावा सादर झाला नाही, भट्टी हटवावी असं लिहिलं, आणि त्या भागाचा नगरसेवक म्हणून पहिली सही करायला कागद माझ्याकडं सरकवला.